तळ्याची कीटकनाशक तपासणी: फक्त पाणी तपासणाऱ्या लॅबवर थांबू नका

मी कार्प माशांचं मत्स्यबीज वाढवते. जिरे, म्हणजे अगदी लहान पिल्लं आणायची, ती वाढवून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं करून द्यायची, हा धंदा. तळ्यात पाणी येतं ते वरच्या शेतांमधून उतरणाऱ्या ओहोळातून. हे परीक्षण आहे एका तपासणी सेवेचं, जी पाणी, गाळ आणि मासा हे तिन्ही एकत्र तपासते. लॅबचं नाव लिहीत नाही, कारण जाहिरात करायची नाही. नेमकं काय मागायचं हे माहीत असेल तर कोणत्याही चांगल्या लॅबकडून हे काम करून घेता येतं, आणि काय मागायचं तेच मला सांगायचं आहे.

आधी तक्रार काय होती ते सांगते. तळ्यात मेलेल्या माशांचा खच पडला नव्हता. तसं झालं असतं तर कोणीही धावत आलं असतं. बोटुकली खाद्य अर्धवट सोडायला लागली. थवा विस्कटला, एकेकटी पिल्लं काठाला येऊन थांबायची. एरवी जाळ्याची सावली पडली की पाणी उसळतं, इथे पिल्लं जागची हलायला वेळ लावत होती. काहींचा कणा शेपटीकडे वाकलेला. कल्ले उचलून पाहिले तर लालभडक असायच्या जागी फिकट, वर चिकट पातळ थर. रोज दोन-चार पिल्लं मरत होती, आणि मरणारी नेहमी लहानातली लहान.

घरच्या किटवर सामू ठीक, अमोनिया ठीक, विरघळलेला ऑक्सिजन ठीक. ऑक्सिजन कमी पडला की मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात, आधी मोठे मासे मरतात आणि ऊन वर आलं की बाकीचे सावरतात. इथे दुपारी भर उन्हातसुद्धा पिल्लं सुस्तच. मला खरी शंका आली ती प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, पकडायच्या जाळीमुळे. बारीक कापडाची जाळी तळ्यातून ओढली की बाटलीत पाणपिसवा उड्या मारताना दिसतात. त्या आठवड्यात बाटली हिरवीगार होती, पण हलणारं काही नाही. शेवाळ जगलं आणि शेवाळ खाणारे बारीक कवचधारी जीव गेले, तर कीटकनाशकावर संशय घ्यायलाच हवा. कीटक आणि पाणपिसवा हे दूरचे भाऊबंद आहेत. जे एकाला मारतं ते दुसऱ्यालाही मारतं, बहुतेक वेळा आणखी कमी मात्रेत.

मग एका लॅबकडे पाणी दिलं. ही पहिली लॅब, हिचंही नाव लिहीत नाही. त्यांनी सांगितलं, कुठल्याही स्वच्छ बाटलीत लिटरभर पाणी आणा. अहवाल नीटनेटका आला. कीटकनाशकांची लांबलचक यादी आणि प्रत्येकासमोर ‘आढळले नाही’. खाली शेरा, पाणी समाधानकारक. तळ्यात पिल्लं मरत होती आणि हातात समाधानकारक पाण्याचा कागद होता. मला त्या कागदाचा अजून राग आहे, कारण तो वाचून मी निर्धास्त झाले असते तर पूर्ण हंगाम हातचा गेला असता.

त्या अहवालात शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात मापनमर्यादा दिली होती, प्रत्येक रसायनाला लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम. म्हणजे त्याहून कमी असेल तर त्यांच्या यंत्रावर ते मोजलं जात नाही. हा ०.१ चा आकडा युरोपात पिण्याच्या पाण्यासाठी आहे, एका कीटकनाशकाला तेवढी मुभा. माणसासाठी तो ठीकच आहे. पण त्याच युरोपीय संघाने २०१३ साली नद्या-तळ्यांतल्या जीवांसाठी सायपरमेथ्रिन या कीटकनाशकाची मर्यादा घालून दिली, ती वर्षाच्या सरासरीला लिटरमागे ०.००००८ मायक्रोग्रॅम, आणि कोणत्याही क्षणी जास्तीत जास्त ०.०००६. भागाकार करून बघा. पहिला आकडा सरासरीच्या मर्यादेहून हजारपटीपेक्षा मोठा आहे. माणसाला पिण्यायोग्य ठरलेलं पाणी माशाला आणि माशाच्या खाद्याला जगण्यायोग्य असेलच असं नाही. तळ्याचं पाणी देताना लॅबला पहिला प्रश्न हाच विचारा की तुमची मापनमर्यादा किती, आणि ती माशांसाठी ठरवलेल्या मर्यादेच्या खाली आहे का. प्रामाणिक लॅब ‘सायपरमेथ्रिनसाठी इतकं खाली जाता येत नाही’ असं सरळ सांगते. दुसऱ्या लॅबने मला तसंच सांगितलं, आणि म्हणूनच ते गाळ मागतात. त्याबद्दल पुढे लिहिते.

सायपरमेथ्रिन ज्या गटातलं आहे त्या सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ‘सस्तन प्राण्यांना कमी विषारी’ असं त्याच्याबद्दल ऐकून सगळे बिनधास्त असतात. ते खरं आहे, पण माशाला लागू नाही. आपल्या शरीरातली विकरं (एन्झाइम) हे रसायन भराभर तोडतात. माशाच्या शरीरात ती ताकद फार कमी. मज्जातंतूंमधले सोडियमचे मार्ग उघडे राहतात आणि मासा झटके देत राहतो. ट्राउटसारख्या माशांत ९६ तासांत निम्मे मासे मारणारी मात्रा लिटरमागे एखाद-दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे. एक हेक्टरचं, सरासरी एक मीटर खोल तळं म्हणजे एक कोटी लिटर पाणी. त्यात लिटरमागे एक मायक्रोग्रॅम व्हायला सगळं मिळून १० ग्रॅम रसायन पुरतं. वरच्या शेतातला पंप ओहोळात धुतला किंवा फवारणीनंतर लगेच जोराचा पाऊस झाला, तर किती कमी गोष्टीने काम होतं बघा. शिवाय पाणी जितकं थंड तितकी पायरेथ्रॉइडची विषबाधा जास्त. ऑर्गनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या दुसऱ्या गटाचं बहुतेक वेळा उलट, पाणी तापलं की त्यांचा जोर वाढतो.

आता मूळ सेवेकडे येते. ही लॅब मला आवडली ती फोनवरच. पाण्याची बाटली आणा असं म्हणण्याआधी त्यांनी अर्धा तास प्रश्न विचारले. ओहोळाला कोणती पिकं लागून आहेत, कशावर फवारणी चालू आहे, शेवटचा पाऊस कधी झाला, पाणी तळ्यात कुठल्या बाजूने शिरतं, शेवाळ गेलं की राहिलं, बेडूक-खेकडे दिसतात का. वरच्या शेतातल्या काकांकडे गेले. ते रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी स्वतःहून रिकाम्या बाटल्या काढून दाखवल्या. क्लोरपायरीफॉस आणि सायपरमेथ्रिन यांचं मिश्रण, आणि त्याआधी एक तणनाशक. म्हणाले, “पोरी, तुझ्या तळ्याला त्रास होत असेल हे माझ्या डोक्यातच नव्हतं. तुला हवं ते लिहून घे.” ती नावं लॅबला कळवली तेव्हा त्यांनी त्यानुसार चाचण्या ठरवल्या. शेकडो रसायनांच्या यादीवर पैसे घालण्यापेक्षा, शेजारी काय फवारलं जातं हे कळलं तर तपासणी नेमकी होते.

नमुन्यांचं साहित्य त्यांनी पाठवलं. गडद तपकिरी काचेच्या बाटल्या, झाकणाच्या आत टेफ्लॉनचा थर, बर्फाच्या पिशव्या, ॲल्युमिनियम फॉइल, कल्ल्यांसाठी फॉर्मेलिनच्या लहान बरण्या. प्लास्टिक का चालत नाही हेही लिहून दिलं होतं. पायरेथ्रॉइडला पाण्यात राहायचंच नसतं, ते मिळेल त्या पृष्ठभागाला चिकटतं. प्लास्टिकच्या बाटलीत नेलं तर लॅबमध्ये पोहोचेपर्यंत बरंचसं भिंतीला बसलेलं असतं आणि पाण्यात काही सापडत नाही. बाटली पृष्ठभागाच्या खाली बुडवून काठोकाठ भरायची, हवेला जागा ठेवायची नाही, लगेच बर्फात आणि अंधारात. शक्य तितक्या लवकर पोहोचवायची. पहिल्या लॅबला मी पाणी कशात दिलं होतं? त्यांनी सांगितल्याप्रमाणे, स्वच्छ धुतलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत.

माशांबद्दलची सूचना सर्वात महत्त्वाची. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी फोनवर सांगितलं, “ताई, मेलेला मासा आणू नका. तडफडणारा आणा, नाहीतर सुस्त पडलेला, पण जिवंत. आणि ज्या पाण्याला शेताचं पाणी लागत नाही तिथलेही त्याच वयाचे, त्याच जातीचे मासे आणा.” मेलेला मासा पाण्यात काही तासांतच आतून विरघळायला लागतो. कल्ल्याची नाजूक ऊती तर सर्वात आधी जाते. आणि दुसऱ्या पाण्यातले निरोगी मासे हवेत ते तुलनेसाठी. माझ्याकडे पावसाच्या पाण्यावरची एक वेगळी टाकी होती, तिथले दिले. तुलनेचे मासे नसतील तर पुढची चाचणी जवळजवळ निरुपयोगी ठरते, कारण मेंदूतलं विकर जातीप्रमाणे, वयाप्रमाणे आणि पाण्याच्या तापमानाप्रमाणे बदलतं.

ही चाचणी म्हणजे ॲसिटिलकोलिनेस्टरेज. थोडक्यात सांगते. एक मज्जातंतू दुसऱ्याला किंवा स्नायूला निरोप देतो तो ॲसिटिलकोलिन या रसायनातून. निरोप पोहोचला की ते लगेच तोडून टाकायचं काम या विकराचं. क्लोरपायरीफॉस, मॅलॅथिऑन, डायक्लोरव्हॉस, क्विनॉलफॉस ही ऑर्गनोफॉस्फेट या विकराला पकडून ठेवतात. निरोप थांबतच नाही. स्नायू आखडलेले राहतात, छातीजवळचे पर पुढे ताणले जातात, श्वासाची लय बिघडते, आणि वाढीच्या वयातल्या पिल्लांचा कणा आखडलेल्या स्नायूंच्या ओढीने वाकू शकतो. माझ्या पिल्लांचे कणे असे का होते, हे मला तिथे पहिल्यांदा नीट समजलं. वाकडा कणा खाद्यातल्या जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही होतो, म्हणून त्यांनी खाद्याचीही चौकशी केली. हे मला फार पटलं. ठरलेलं उत्तर घेऊन ते बसलेले नव्हते.

ती चाचणी मला समोर बसून पाहू दिली. बर्फावर ठेवलेल्या बोटुकलीच्या कवटीतून मेंदू काढून थंड द्रावणात घोटतात. मग त्यात ॲसिटिलथायोकोलिन आणि डीटीएनबी नावाचा रंग देणारा पदार्थ घालतात. विकर काम करत असेल तर द्रावण पिवळं होत जातं, आणि किती वेगाने पिवळं होतं ते यंत्र ४१२ नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजतं. ही एलमनची पद्धत १९६१ सालची, आजही जगभर हीच वापरतात. द्रावण ज्या तबकडीतल्या लहान खाचांत घालतात, त्यांतल्या टाकीतल्या माशांच्या खाचा बघता बघता हळदी पिवळ्या झाल्या. तळ्यातल्या माशांच्या खाचा फिकट राहिल्या. यंत्राचा आकडा यायच्या आधीच मला कळलं होतं. अहवालात तुलनेच्या माशांपेक्षा विकर सुमारे एक तृतीयांश कमी निघालं. साधारण २० टक्क्यांहून जास्त घट झाली की संपर्क झाला असं मानतात. मासे पक्ष्यांपेक्षा चिवट असतात, त्याहून कितीतरी जास्त घट होऊनही जगून राहतात. पण असा जगलेला मासा शिकाऱ्यापासून पळत नाही आणि खाद्य पकडत नाही.

याच नमुन्यांच्या पाण्यात क्लोरपायरीफॉस जेमतेम मोजण्याइतकं सापडलं, आणि नंतर दिलेल्या पाण्यात तर सापडलंच नाही. मेंदूतलं विकर मात्र त्याही वेळी कमीच. पाण्यातलं रसायन गाळाला बसतं, तुटतं, वाहून जातं, पण ऑर्गनोफॉस्फेटने पकडलेलं विकर सहसा परत सुटत नाही. शरीराला नवीन विकर तयार करावं लागतं आणि त्याला काही आठवडे जातात. पाण्याची बाटली फक्त त्या क्षणाचं सांगते. माशाचा मेंदू गेल्या काही आठवड्यांचं सांगतो. या सेवेला माझे सर्वात जास्त गुण याच गोष्टीसाठी.

एक उणीवही इथेच नोंदवते. कार्बोफ्युरान किंवा कार्बारिलसारखी कार्बामेट गटातली कीटकनाशकं याच विकरावर बसतात, पण त्यांची पकड सुटते. मासे स्वच्छ पाण्यात गेले, किंवा नमुना लॅबपर्यंत कोमट अवस्थेत पोहोचला, की विकर पूर्ववत होऊन अहवाल चांगला येऊ शकतो. म्हणजे कार्बामेटचा संशय असेल तर घाई आणि थंडी दोन्ही हवी. लॅबच्या सूचनापत्रात हे ठळक हवं होतं, ते नव्हतं. मी विचारलं तेव्हा सांगितलं.

कल्ल्यांची तपासणी वेगळी. फॉर्मेलिनमधल्या कल्ल्याचे अतिशय पातळ काप काढून रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. निरोगी कल्ल्यात बारीक पापुद्रे सुटे सुटे उभे असतात, मधून पाणी वाहतं. माझ्या माशांत ते तेल-धूळ बसलेल्या कंगव्याच्या दातांसारखे एकमेकांना चिकटले होते. वरची पेशींची पातळ त्वचा काही ठिकाणी उचलली गेलेली, काही ठिकाणी पेशी वाढून जाड झालेल्या. पाण्यात ऑक्सिजन भरपूर असूनही मासा गुदमरतो तो असा. तंत्रज्ञ बाईंनी लगेच हेही सांगितलं की अशी इजा अमोनियाने होते, परजीवींनी होते, गढूळ पाण्यानेही होते. म्हणून नुसता कल्ला बघून कीटकनाशकाला दोष देता येत नाही. मेंदूचं विकर, कल्ला, गाळ आणि फवारणीची माहिती या चारही गोष्टी एकाच बाजूला बोट दाखवायला लागल्या तेव्हाच त्यांनी निष्कर्ष लिहिला. यकृताच्या कापांतही पेशींमध्ये पोकळ्या दिसल्या. विष निकामी करायचं काम यकृताचं, त्यामुळे तिथे खुणा राहतात.

गाळाच्या नमुन्याने सायपरमेथ्रिनचं कोडं सोडवलं. पाणी जिथून तळ्यात शिरतं त्या तोंडाजवळचा वरचा दोन बोटं गाळ, आणि लांबच्या टोकाचा गाळ, असे वेगळे डबे. तोंडाजवळच्या गाळात सायपरमेथ्रिन स्पष्ट सापडलं, लांबच्या टोकाला नाही. पायरेथ्रॉइड पाण्यातून निघून गाळाला बसतं तेव्हा पोहणाऱ्या माशाला थोडा आराम मिळतो हे खरं. पण गाळात राहणाऱ्या डासांच्या चुलत जातीच्या लाल अळ्या, ज्या कार्प चवीने खातात, त्या तिथे संपतात. मग मासा विषाने मरत नाही, उपासाने रोडावतो. जपानमधल्या शिंजी सरोवराचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला, त्यात हेच दिसलं होतं. १९९३ पासून आसपासच्या भातशेतीत निओनिकोटिनॉइड गटातली कीटकनाशकं वापरायला सुरुवात झाली, त्याच सुमारास सरोवरातले प्राणीप्लवंग कोसळले आणि वाकासागी नावाच्या माशाची वर्षाची सरासरी पकड २४० टनांवरून २२ टनांवर आली. निओनिकोटिनॉइड माशाला थेट मारत नाहीत म्हणून ती सुरक्षित, असं जे समजलं जातं, त्याला या अभ्यासाने मोठा धक्का दिला.

खाद्य संपण्याचा हा प्रकार त्याहून जुना आहे. १९५४ साली कॅनडातल्या मिरामिची नदीच्या खोऱ्यात झाडांवरच्या अळीसाठी विमानातून डीडीटी फवारलं, तेव्हा सॅमनची पिल्लं मेलीच, आणि जी उरली त्यांच्यासाठी नदीतले किडेही उरले नाहीत. १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेलजवळच्या रसायनांच्या गोदामाला आग लागून विझवण्याचं पाणी ऱ्हाइन नदीत गेलं, ते मात्र सगळ्या जगाने पाहिलं, कारण ईल मासे ढिगाने मेले. अशा घटनांची चौकशी होते. माझ्या तळ्यात रोज दोन-चार पिल्लं मरत होती, त्याची चौकशी कोणीही करणार नव्हतं. अशा ठिकाणी अशी सेवा नसेल तर माणूस औषधांवर औषधं टाकत बसतो. मला एका सल्लागाराने आधीच प्रतिजैविक सुचवलं होतं. आजार दिसत होता हे खरं, कल्ल्यांवर परजीवीही होते. पण विषाने दमलेल्या माशाची प्रतिकारशक्ती ढासळते आणि मग एरवी न त्रास देणारे परजीवी डोकं वर काढतात. परजीवी मारून मूळ दुखणं गेलं नसतं.

आता सेवेच्या तक्रारी, कारण त्या लिहिल्याशिवाय परीक्षण अर्धं राहील.

अहवाल यायला फार वेळ लागला. मेंदूची चाचणी लवकर झाली होती, ते निकाल आधी फोनवर तरी द्यायला हवे होते. तळ्यातला मासा कागदाची वाट बघत नाही. अहवालाची भाषाही विद्यापीठातली. मी प्रत्येक ओळीचा अर्थ विचारला आणि त्यांनी न कंटाळता सांगितला, पण प्रत्येक जण विचारत बसेल असं नाही. पहिल्या पानावर साध्या चार ओळी हव्यात: काय सापडलं, माशाला काय झालं, आता काय करा, पुन्हा कधी तपासा.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. अहवालात प्रत्येक रसायन एकेकटं मोजून मर्यादेशी ताडलेलं. तळ्यात मात्र ती एकत्र असतात. २००९ साली कोहो सॅमनवर झालेल्या प्रयोगांत ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट यांच्या जोड्या दिल्या, तेव्हा काही जोड्यांचा परिणाम नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त निघाला. डायझिनॉन आणि मॅलॅथिऑन ही दोन ऑर्गनोफॉस्फेट एकेकटी दिली तेव्हा ज्या मात्रेत मासे जगले होते, त्या मात्रेतही ती एकत्र दिल्यावर मासे मेले. प्रत्येक ओळीसमोर ‘मर्यादेत’ लिहिलेलं असलं तरी एकत्रित परिणामाबद्दल एक परिच्छेद हवाच होता. मेंदूची चाचणी ती कसर काही प्रमाणात भरून काढते, कारण विकराला कोणी पकडलं हे तिला बघायचं नसतं, किती पकडलं गेलं तेवढं ती मोजते.

तिसरी, त्यांनी मूळ रसायनं पाहिली पण विघटनातून तयार होणारी सगळी पाहिली नाहीत. फिप्रोनिल हे कीटकनाशक तुटून जे सल्फोन बनतं ते मूळ रसायनापेक्षा जास्त टिकतं आणि पाण्यातल्या जीवांना तितकंच, कधी त्याहून जास्त विषारी असतं. एन्डोसल्फानचं सल्फेटही तसंच. तणनाशकाबाबतही थोडी निराशा झाली. ग्लायफोसेटपेक्षा त्यात मिसळलेला पानाला चिकटवणारा साबणासारखा घटक, पीओईए, माशांना जास्त विषारी आहे हे आता सर्वमान्य आहे. तो त्यांच्या यादीत नव्हता. विचारल्यावर त्यांनी मान्य केलं आणि ज्या लॅबमध्ये ती सोय आहे तिथे नमुना पाठवायची तयारी दाखवली, म्हणून मी फार गुण कापत नाही.

विक्रीच्या माशांचं काय, हे मी वेगळं विचारलं. उत्तर सरळ मिळालं. डीडीटीसारखी जुनी क्लोरीनयुक्त रसायनं चरबीत वर्षानुवर्षं साठतात आणि लहान माशाकडून मोठ्या माशाकडे जाताना वाढत जातात. क्लोरपायरीफॉस आणि सायपरमेथ्रिन त्यामानाने शरीराबाहेर लवकर जातात, पण अंदाजावर विकू नका, मांसाचा नमुना तपासून मगच विका. मी त्या तळ्यातली विक्री थांबवली आणि तो नमुनाही त्यांच्याकडेच दिला.

अहवाल हातात आल्यावर काय बदललं ते सांगते, कारण सेवेचा उपयोग तिथेच कळतो. काकांनी फवारणीच्या आदल्या दिवशी मला सांगायचं ठरलं. पाऊस तोंडावर असेल तर फवारायचं नाही, हे त्यांच्याही फायद्याचं, कारण औषध वाहून गेलं तर पैसे त्यांचे जातात. पंप आणि डबे ओहोळावर धुणं बंद झालं. ओहोळाच्या दोन्ही बाजूंना गवताची रुंद पट्टी आम्ही दोघांनी मिळून सोडली, आणि तळ्याच्या तोंडाशी एक उथळ खड्डा खणून त्यात पाणगवत लावलं, म्हणजे गाळ आणि त्याला चिकटलेलं रसायन आधी तिथे बसतं. फवारणीनंतरच्या पहिल्या पावसाचं पाणी मी आत घेतच नाही, मोरी बंद ठेवते. सर्वात जास्त रसायन त्या पहिल्या लोंढ्यात असतं.

पुढच्या तपासणीत मेंदूतलं विकर टाकीतल्या माशांच्या जवळपास आलं. जाळीच्या बाटलीत पाणपिसवा परत दिसल्या तेव्हा मी ती बाटली घरातल्या सगळ्यांना दाखवली. नवीन पिल्लांत वाकडे कणे जवळजवळ नाहीत. ज्यांचे वाकले होते त्यांचे सरळ झाले नाहीत, होतही नाहीत. आणि तोंडाजवळच्या गाळात सायपरमेथ्रिन अजून आहे, पूर्वीपेक्षा कमी. तो भाग मी पिल्लांना मोकळा केलेला नाही.

एकंदरीत पाचपैकी चार गुण. कापलेला एक गुण उशिराबद्दल आणि एकत्रित परिणामाचा विचार न केल्याबद्दल. ज्यांच्या तळ्याला शेतांचं, बागांचं किंवा गवताच्या मैदानांचं पाणी येतं त्यांनी अशी तपासणी जरूर करून घ्यावी. सगळी तपासणी परवडत नसेल तर माझा क्रम असा: आधी जिवंत माशांचा मेंदू, तुलनेच्या माशांसकट. मग पाणी शिरतं तिथला गाळ. पाण्याच्या बाटलीवर पैसे सर्वात शेवटी, आणि तेही फवारणीनंतरच्या पहिल्या लोंढ्यात, काचेच्या बाटलीत, मापनमर्यादा लेखी विचारून घेतल्यावरच.